सोपी वाट क्रमांक एकवरचा कोंबडा

ठाणे, दि. ९ सप्टेंबर

ती. सौ. वत्सलाताईस,
धाकट्या देवजीचा सा. न. वि. वि.

गणपती उरकून मी सुखरूप पोचलो. फोन न करता पत्र लिहितोय, याचं कारण तुला माहीत आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस. सुनेला मुलगा झाला हे मी तुला फोनवर सांगितलं, तर तू मूळव्याध झाली असं ऐकलंस आणि टोकावड्यात घरोघर सांगून आलीस. भाविका अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आजची गोष्ट नीट वाचली जायला हवी.

भाविकाच्या सूपासाठी तू काळा कोंबडा ने म्हणालीस. पहाटेच्या एसटीची घाई, त्यात लाइट गेलेली. डालग्यात हात घातला आणि जो हाताला लागला तो पाय बांधून पिशवीत टाकला. ठाण्यात उतरल्यावर रिक्षाला ही रांग. म्हणून आमच्या घरामागच्या मोठ्या बागेतून चालत निघालो. डॉक्टरांनी तसंही चालायला सांगितलंय. बाग भली मोठी आहे, पाठीमागून थेट डोंगराला टेकलेली. आत तळं आहे, झाडी आहे, आणि पाट्या लावलेल्या वाटा आहेत. मी ज्या वाटेनं गेलो तिच्यावर 'सोपी वाट क्रमांक एक, ज्येष्ठांसाठी योग्य' असं लिहिलंय. वाट खरोखर सोपी आहे. चूक माझीच झाली. बाकावर बसून पाणी प्यायलो, आणि बिचाऱ्याला जरा वारा लागावा म्हणून पिशवी उघडली.

सुतळी सुटलेली होती. तो उडाला तो थेट जांभळीच्या शेंड्यावर. मी आ आ करून बोलावलं, तर तो आला नाही, पण दोन बायका पळून गेल्या. उजेडात पाहिलं तर कोंबडा काळा नव्हताच. तांबडा होता, शेपटात एक पांढरं पीस. त्याच्याबद्दल तू काहीतरी सांगितलं होतंस असं अंधुक आठवतं. उद्या पकडतोच.

बारकूभावजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. हे वाचून थोडा कमी झाला तरी मी समजून घेईन.

तुझा,
देवजी

---

टोकावडे, दि. १३ सप्टेंबर

चि. देवजीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले.

मी काय सांगितलं होतं ते आता लिहून देते, म्हणजे ऐकू न आल्याचा आळ माझ्या कानावर येणार नाही. काळा तुझा, तांबड्याला हात लावू नकोस, तो वाघोबाचा आहे. भाताच्या आवणीच्या वेळी यांना घोणस चावली तेव्हा तू दवाखान्यात होतासच. अकरा दिवस हे डोळे उघडत नव्हते. मी वाघोबाला बोलले की हे उठून घरी आले, तर माझा पांढऱ्या पिसाचा तांबडा कोंबडा वाघबारशीला तुझा. हे आले. आता वाघबारस सतरा ऑक्टोबरला आहे, आणि देवाचा कोंबडा तुझ्या ठाण्याच्या बागेत हवा खातोय.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं, हीच माझी चूक. ऐकता ऐकता हे खाटेवर आडवे झाले ते अजून उठलेले नाहीत. म्हणतात, नवस लोंबकळत राहिला, आता विष परत चढणार. पाय जड झाला म्हणतात. मी पाय पाहिला, पाय चांगला आहे. पण तो जड आहे की नाही हे मला बाहेरून कसं कळणार? हळवं भात महिन्याभरात कापायला येईल. यांनी विळा हातात घेतला नाही तर मी एकटी काय काय करू?

लवकर पकड. सकूला आणि तिच्या सुनेला, भाविकाला, आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ कोंबड्यासोबत परत येईल.

वत्सला

---

ठाणे, दि. २० सप्टेंबर

ती. सौ. वत्सलाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कामाला लागलो. रोज सकाळी सहाला मी डालगं, तांदूळ आणि सुतळी घेऊन बागेत जातो. पण प्रकरण आता साधं राहिलेलं नाही.

सोपी वाट क्रमांक एकवर 'प्रभात पाऊल मंडळ' म्हणून चौदा-पंधरा जण रोज फिरतात. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी हिरवी टोपी. अध्यक्ष गुप्तेसाहेब विम्याच्या कचेरीत मोठे अधिकारी होते. मी पोचलो तेव्हा ही सगळी मंडळी जांभळीखाली दुर्बिणी लावून उभी. मी आनंदानं ओरडलो की तो आमचा आहे. गुप्तेसाहेबांनी ओठावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की हा रानकोंबडा आहे, डोंगरातून उतरलाय. मी म्हटलं, साहेब, गावठी आहे. ते माझ्याकडे बघून मायेनं हसले, म्हणाले, नवीन माणसाची इथेच गफलत होते.

पुढे त्यांच्यातच भांडण लागलं. आपल्याकडचा रानकोंबडा राखाडी असतो म्हणे, तांबडा उत्तरेकडे. त्यामुळे मंडळात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो हा हिमालयाच्या पायथ्याहून उडत आला. दुसरा म्हणतो आपलाच आहे, शहराच्या धुरानं तांबडा झाला. मी मध्येच विचारलं की कुणाच्या पिशवीतून सुटलेला नसेल कशावरून? तेव्हा दोन्ही तट एक झाले आणि माझ्यावर धावून आले.

तेवढ्यात बागेचा रखवालदार संदेश आला. पोरगा बरा आहे, पण नियमाला पक्का. त्यानं डालगं जप्त केलं आणि वहीत 'शिकारीचे साहित्य, नग एक' अशी नोंद केली. बागेतल्या पाखराला हात लावायचा नाही, म्हणाला.

भावजींना म्हणावं धीर धरा. लोभ डालग्याबरोबर जप्त झाला नसेल अशी आशा करतो.

तुझा,
देवजी

---

टोकावडे, दि. २५ सप्टेंबर

चि. देवजीस आशीर्वाद.

त्या गुप्तेसाहेबांना सांग की हिमालयातून उडत आलेला तुमचा कोंबडा गेल्या फाल्गुनात माझ्या कणगीमागे अंड्यातून निघाला. त्याची आई चांदी अजून अंगणात फिरते आहे. तो माझ्या ताटातला भात खातो, पळीला घाबरतो, आणि जर्मनची ताटली वाजवली की जिथे असेल तिथून धावत येतो. ताटली वाजव.

यांचा पाय आता कमरेपर्यंत जड झालाय. अशक्तपणावर शिरा चांगला असं यांचं यांनीच ठरवलं आहे. काल कमळू भगत येऊन बघून गेला. म्हणाला, वहिनी, देवाला तांबडा म्हणजे तांबडा, कुठलाही चालंल. पण नवस कमळूनं बोललेला नाही, मी बोललेला आहे. मी एकतीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली. एका पोराचं वजन दुसऱ्या पोराच्या नावापुढे मी कधी लिहिलं नाही, मग वाघोबाला दुसराच कोंबडा कसा देऊ?

हसू नकोस, देवजी. त्या अकरा दिवसांत मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून हाच कोंबडा डोळ्यांपुढे आणत होते. दुसरं काही द्यायला सुचलंच नव्हतं. शेजारच्यांनी विळे धारेला दिले. आमचा विळा भिंतीला लटकलेला आहे आणि त्याखाली हे.

ताटली वाजवल्याचं लगेच कळव. आशीर्वाद आहेत, पण मोजकेच.

वत्सला

---

ठाणे, दि. १ ऑक्टोबर

ती. सौ. वत्सलाताईस,
सा. न. वि. वि.

ताटली वाजवली. कोंबड्यानं मान वळवून पाहिलं, आणि मी आहे असं दिसल्यावर परत फिरवली. पिशवीतला प्रवास तो विसरलेला नाही.

ताई, आता जे लिहितो ते सावकाश वाच. रोज सहा ते नऊ मी त्या झाडाखाली असतो. तो कधी उतरतो, कुठे माती उकरतो, विष्ठा कशी टाकतो, सगळं मला माहीत झालंय. मंडळाच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला हिरवी टोपी दिली आणि 'रानकोंबडा निरीक्षण प्रमुख' केलं. मी नको म्हणणार होतो. पण गुप्तेसाहेब चौघांपुढे मला देवजीसर म्हणाले. चौतीस वर्षं कंपनीत मला सगळे ए फिटर म्हणायचे. रिटायर झाल्यापासून तर तशीही हाक कुणी मारली नव्हती. मी टोपी घातली. मग कुणी विचारलं की हा खरंच रानकोंबडा का, तर मी म्हणून गेलो, असेल.

त्यानंतर सगळंच वाढत गेलं. झाडाजवळची पन्नास पावलं वाट बंद केली, त्याला त्रास होऊ नये म्हणून. आता गुडघेवाल्या बायकांना चढाच्या वाटेनं वळसा घालावा लागतो. जांभळीला कॅमेरा बांधलाय. तो एकटा पडलाय म्हणून उत्तरेकडून जोडीदारीण आणावी असा अर्जही गेलाय, आणि त्यावर माझी सही आहे. कालपासून मुंबईहून लोक येताहेत. मी त्यांना वाट दाखवतो. माझी साखर दोनशे चाळीसवरून दीडशेवर आली.

असाच दुसरा तांबडा, पांढऱ्या पिसाचा, मी कुठूनही शोधून आणतो. चालेल का गो? एकदाच हो म्हण.

लोभाची मागणी करायला तोंड नाही, तरी करतो.

देवजी

---

ठाणे, दि. ७ ऑक्टोबर

अहो,

लग्नाला चाळीस वर्षं झाली, तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. वर काय लिहावं ते कळत नाही. तुम्ही मोठे, म्हणून आशीर्वाद देता येत नाही. नमस्कार लिहिला तर तुम्ही तो गावभर दाखवाल. तरी लिहिला असं समजा.

रविवारी ताटली घेऊन एसटीला निघाले ते तुम्ही खाटेवरून पाहिलंतच. देवजीच्या घरी चहा घेतला आणि थेट बागेत गेले. ती सोपी वाट म्हणजे आपल्या ओटीहून सपाट आहे. त्यावरही एका ठिकाणी 'पुढे उतार, जपून चाला' अशी पाटी. मी उतार शोधत गेले, तो मागेच राहिला होता. वाटेत दहा माणसं श्वास धरून मुंगसाचे फोटो काढत होती. मुंगूस कंटाळून बसलं होतं. एका बाईनं मला तळ्यावरचा खंड्या दाखवला आणि पहिल्यांदाच पाहताय ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. तिला इतका आनंद झाला होता.

जांभळीसमोर, बंद केलेल्या वाटेच्या कडेला, चाळीसेक माणसं होती. मध्ये आपला देवजी, डोक्यावर हिरवी टोपी, हातात काठी. तो कोंबड्याची विष्ठा एका निवृत्त न्यायाधीशांना समजावून सांगत होता, आणि न्यायाधीश ती लिहून घेत होते. लग्नाकार्यात मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहणारा आपला देवजी. मी मागेच थांबले. पण रागानं आले होते ना. पिशवीतून ताटली काढली आणि वाजवली.

तो शेंड्यावरून दगडासारखा खाली आला. माणसांच्या पायांतून धावत माझ्याकडे, आणि उडी मारून काखेत. इतका जड झालाय, लोकांनी चारलंय चांगलं. गुप्तेसाहेबांची दुर्बीण गळ्यात लोंबत राहिली. संदेश रखवालदार शिट्टी तोंडात घालून वाजवायची विसरला. मग सगळ्यांनी एकदमच विचारलं की हे कसं काय.

तोंडावर आलं होतं, की हा माझा आहे आणि हे देवजीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एवढं बोलून चालू लागले असते तर कुणाची हिंमत नव्हती अडवायची. पण मी देवजीकडे पाहिलं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती, लहानपणी दगडानं माठ फोडल्यावर उभा राहायचा तसा. अहो, एकतीस वर्षांत मी रजिस्टरात एक खोटा आकडा टाकला नाही. आणि तिथे चाळीस माणसांपुढे सांगितलं, की मी माळशेजच्या अंगची, आमच्याकडे रानातली पाखरं बोलावली की येतात. कोंबडा खाली ठेवला. तो गेला परत झाडावर.

आता ते मला ताई ताई करून सोडत नाहीत. पुढच्या रविवारी मी त्यांना पाखरं बोलावून दाखवावीत असं म्हणताहेत. मी कावळे बोलावीन म्हटलं, तेवढे नक्की येतील.

पण नवसाचं काय करू? मीच बोलले आणि मीच सोडून आले. तुमचा पाय आता पुरताच जड होईल अशी भीती वाटते. काय करायचं ते कळवा. शिरा जास्त खाऊ नका.

तुमची,
वत्सला

---

टोकावडे, ता. ११ आक्टोबर

सौ. वत्सलाला बारकूचा राम राम.

तुझ्या अंगणवाडीच्या जुन्या वहीचा पान फाडलाय, रागावू नको. सातवीनंतर मी कागदाला हात लावला नाय, चुकला तर सुधरून वाच.

तुझा कागद आला नि मी दिवसभर इचार केला. भिंतीवरला विळा पायला. मंग उठलो नि सीमेवरच्या वाघोबाकडं गेलो. पाय जड व्हता, पर तू नसल्यावर शिरा कोन करनार, म्हणून उठावा तर लागनारच व्हता.

देवाला समद्या गोष्टी पयल्यापासून सांगितल्या. म्हटला, घोणस चावली मला, नवस बोलली बायको, कोंबडा नेला मेव्हण्यानं. यात तुझा काय गुन्हा नाय नि त्या कोंबड्याचा बी नाय. बायको आणायाला गेली तर भावाची लाज राखून मोकळ्या हातानं बसलीय. आता तिला मी काय बोलू, नि तू तरी काय बोलशील? तर आसा कर, मी तुला पत्ता सांगतो. ठाण्याची मोठी बाग, मागल्या अंगाला डोंगर, सोपी वाट क्रमांक एक, बाकाशेजारची जांभूळ. तांबडा हाय, शेपटात पांढरा पीस. काळा नको नेऊ, तो भाविकाचा. तुझी मानसा तिकडल्या डोंगरात बी हायेत. पायजे तर घेऊन जा. नाय नेलास तर तुला नको आसा आमी समजू.

पत्ता दोनदा सांगितला. नारळ फोडला नि घरी आलो. पाय हलका झाला. आज सकाळी दोन वाफे कापले.

बारशीच्या आत घरी ये. देवजीला राम राम. लोभ ठेव, मी बी ठेवतो.

बारकू

---

ठाणे, दि. १८ ऑक्टोबर

ती. बारकूभावजी आणि ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई घरी पोचल्याचा निरोप मिळाला. काल वाघबारशीला सकाळी सहाला मी बागेत गेलो, तर फाटकावरच गर्दी. संदेशनं सगळ्यांना बाहेर थोपवलं होतं. मला सर म्हणून आत घेतलं.

सोपी वाट क्रमांक एकवर, ओल्या मातीत, पंजे उमटले होते. माझ्या तळहाताएवढे. डोंगराच्या बाजूनं आले आणि सरळ जांभळीपर्यंत गेले, कुठे थांबले नाहीत, कुठे वळले नाहीत. झाडाखाली चार तांबडी पिसं आणि एक पांढरं. भावजी, तुमचा कागद ताईनं मला वाचून दाखवला होता. मी तिथेच मातीत बसलो.

कॅमेऱ्यात सगळं आलंय. पाच वाजून दहा मिनिटांनी बिबट्या येतो. कोंबडा नुकताच खाली उतरलेला. पुढचं मी पाहिलं नाही, गुप्तेसाहेबांनी तीनदा पाहिलं. मंडळानं दोन मिनिटं उभं राहून कोंबड्याला श्रद्धांजली वाहिली. तिसऱ्या मिनिटाला सगळे एकमेकांना मिठ्या मारू लागले, कारण आता त्यांच्या बागेत बिबट्या आहे. जांभळीखालची रानकोंबड्याची पाटी दुपारपर्यंत बिबट्याची झाली. सोपी वाट आता पुरतीच बंद आहे, आणि ज्येष्ठांना चढाची वाटच धरायची आहे.

मला राहवलं नाही. मी टोपी काढून गुप्तेसाहेबांच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की तो रानकोंबडा नव्हता, आमच्या ताईचा होता, मीच पिशवीतून आणला आणि मीच सोडला. एवढं बोलून रडूच आलं. गुप्तेसाहेबांचेही डोळे भरून आले. त्यांनी टोपी परत माझ्या डोक्यावर घातली आणि सगळ्यांना म्हणाले, की एखाद्या वन्यजीवावर असं घरच्यासारखं प्रेम करावं लागतं, देवजीसरांकडून शिका. एकानंही खरं मानलं नाही. आता मी बिबट्याचा निरीक्षण प्रमुख आहे.

भाऊबीजेला येतो. लोभ आहे हे आता माहीत झालंय, त्यामुळे मागत नाही.

तुमचा,
देवजी

---

टोकावडे, दि. २७ ऑक्टोबर

चि. देवजीस मनापासून आशीर्वाद.

भाऊबीजेला आलास, बरं वाटलं. चढावर धाप न लागता वाघोबापर्यंत चाललास, तेही पाहिलं. चार माणसांत बोलता आलं नाही म्हणून लिहिते.

भात सगळं कापून झालं. यांचा पाय आता मुळीच जड नाही, मानच जरा ताठ झाली आहे. वाघोबाला पत्ता सांगणारा माणूस म्हणून लोक यांना ओळखायला लागलेत. परवा सापगावाहून एक जण आला, त्याची गाय हरवलीय. यांनी त्याला ओटीवर बसवून गाईचा रंग, शिंगं, सगळं विचारून घेतलं आणि देवाच्या कानावर घालतो म्हणाले. कमळू भगत आमच्याकडे बघत नाही.

तुला सांगायचं ते वेगळंच आहे. बागेत कोंबडा काखेत आला ना, तेव्हा त्याची छाती माझ्या हाताखाली धडधडत होती. तुझी लाज तर मी राखलीच, पण त्याआधी मी मनातल्या मनात वाघोबाला म्हटलं होतं, की हा राहू दे, दुसरा कुठलाही घे, माझा शब्द मी मोडते. रजिस्टर, नाव, वजन, सगळं विसरले होते मी. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

वाघोबानं माझं ऐकलं नाही. यांचं ऐकलं. सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या, चाळीस वर्षं उपास मी करत आले. हे एकदा गेले, तेही शिऱ्यावाचून, आणि पत्ता सांगून आले. पांढरं पीस तू आणून दिलंस ते देवळीत ठेवलंय. त्याच्याकडे पाहिलं की मला आधी रडू येतं आणि मग राग येतो.

म्हणून यांना सांगून टाकलंय, की देवाशी तुमचं एवढं जमतं आहे तर येत्या एकादशीपासून उपासही तुम्हीच धरा. हे विळा धुऊन आले, भिंतीला लावला, आणि साबुदाणा किती भिजवायचा ते विचारत होते.

भाविकाला आणि बाळाला आशीर्वाद. बिबट्यापासून जपून राहा, त्याला ताटली वाजवू नकोस. लोभ पुरता परत आला आहे, पावती पाठव.

तुझी,
वत्सलाताई